कर्नलमधला पॅकेट-दोष मुळापासून कसा दुरुस्त करावा: 'सॅक पॅनिक'च्या उदाहरणासह

नेटवर्कवरून आलेलं पॅकेट कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती पडतं तेव्हा ते कुणी पाठवलं, पाठवणाऱ्याला तसा अधिकार आहे का, यातलं काहीच ठरलेलं नसतं. लॉगिन, पासवर्ड, परवानग्या हे सगळं वरच्या थरातलं. त्याच्या आधीच कर्नलला ते पॅकेट उघडावं लागतं आणि त्यातले आकडे घेऊन हिशेब करावा लागतो. तो हिशेब चुकला तर एखादं अ‍ॅप नाही, अख्खं मशीन कोसळतं. म्हणून या भागातल्या दोषाच्या बाबतीत 'अपडेट टाकलं, झालं' एवढ्यावर थांबू नये असं माझं ठाम मत आहे. बाहेरून आलेला कोणता आकडा आत कुठे साठवला जातो आणि ती जागा त्याला पुरते का, हे कळल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली की नाही हे सांगता येत नाही.

उदाहरणादाखल एकच खरा दोष घेऊ आणि तो शेवटपर्यंत तडीस नेऊ. १७ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्समधले जोनाथन लूनी यांनी शोधलेले चार दोष जाहीर झाले. त्यांतले तीन लिनक्स कर्नलच्या टीसीपी (इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि खात्रीने पोचवणारे नियम) भागात होते आणि एक फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये. सगळ्यांत गंभीर होता सीव्हीई-२०१९-११४७७, म्हणजेच 'सॅक पॅनिक' (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-दोषाला मिळणारा ओळख क्रमांक). कुठलंही खातं नसताना, फक्त एक टीसीपी कनेक्शन उघडून, दूरवरून समोरचा सर्व्हर पॅनिकमध्ये, म्हणजे कर्नलच थांबून अख्खं मशीन बंद पडण्याच्या अवस्थेत, पाडता येत होता. आज देखभाल होणाऱ्या सगळ्या कर्नल शाखांमध्ये तो बुजवलेला आहे, त्यामुळे शिकायला तो उत्तम. पायऱ्या मात्र उद्या येणाऱ्या दोषालाही याच लागतील.

दोष तुमच्यापर्यंत पोचतो का?

पहिलं काम पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, शोधणं नाही. पहिलं काम आहे आपलं मशीन दोषाच्या पल्ल्यात येतं का ते पाहणं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्स कर्नलचा प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागला आणि तेव्हापासून या क्रमांकांचा ओघ खूप वाढला. प्रत्येकासाठी धावपळ शक्य नाही, आणि गरजेचीही नाही. जाहीर सूचना वाचताना स्वतःला तीन गोष्टी विचारा: दोष असलेला कोड माझ्या कर्नलमध्ये बिल्ड झालाय का, बाहेरून आलेलं पॅकेट तिथपर्यंत पोचू शकतं का, आणि पोचायला पाठवणाऱ्याला आधी काही सिद्ध करावं लागतं का.

सॅक पॅनिकच्या बाबतीत तिन्ही उत्तरं वाईट होती. टीसीपी सगळीकडेच असतं, सॅक (टीसीपीतली 'निवडक पोच', पुढे सविस्तर) मुळातच चालू असतं, आणि सिद्ध करायचं काहीच नव्हतं. २.६.२९ पासूनचे सगळे कर्नल या पल्ल्यात होते, म्हणजे दहा वर्षांचा कोड.

आता आपला कर्नल कोणता ते बघा. 'युनेम -आर' ही आज्ञा या क्षणी चालू असलेला कर्नल सांगते. पॅकेज मॅनेजर डिस्कवर बसवलेला कर्नल सांगतो. ही दोन उत्तरं वेगळी असू शकतात, आणि बऱ्याचदा असतात, कारण अपडेट झालेलं असतं पण रीबूट राहिलेलं असतं. भरवसा फक्त पहिल्या उत्तरावर ठेवा.

आवृत्तीच्या क्रमांकावरून निष्कर्ष काढतानाही जपून. मूळ प्रकल्पाच्या शाखांमध्ये सॅक पॅनिकची दुरुस्ती ५.१.११, ४.१९.५२, ४.१४.१२७, ४.९.१८२ आणि ४.४.१८२ या आवृत्त्यांत आली. पण मोठ्या डिस्ट्रो, म्हणजे लिनक्स बांधून वाटणारी वितरणं, आपला कर्नल क्रमांक वर्षानुवर्षं तोच ठेवतात आणि दुरुस्त्या मागे आणून त्यात बसवतात. त्यामुळे ३.१० असा जुनाट दिसणारा कर्नल सुरक्षित असू शकतो, आणि कुणी स्वतः बिल्ड केलेला ४.१९ उघडा असू शकतो. खात्री करायची जागा म्हणजे कर्नल पॅकेजचा चेंजलॉग, बदलांची नोंदवही. त्यात सीव्हीई क्रमांक शोधा. तो सापडला नाही तर डिस्ट्रोच्या सुरक्षा सूचनांत पॅकेजचा पूर्ण क्रमांक जुळवून पाहा.

कंटेनर (एकाच मशीनवर अ‍ॅप वेगळं कप्प्यात चालवायची सोय) वापरत असाल तर एक लक्षात असू द्या: कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. इमेज कितीही ताजी असली तरी पॅकेट हाताळतो तो होस्टचा, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनचा, कर्नल. तपासणी तिथेच करायची.

दोष नेमका कुठे आहे

ही पायरी अनेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय इथल्या समजेवर उभा राहतो.

टीसीपीमध्ये डेटा पाठवला की समोरून पोच येते. मधलाच एखादा तुकडा हरवला तर 'इथपर्यंत सलग मिळालं' एवढंच सांगणारी साधी पोच अपुरी पडते. म्हणून १९९६ साली आरएफसी २०१८ या इंटरनेट मानकाने सॅक, म्हणजे निवडक पोच, आणली. घेणारा सांगतो की मला मधला तुकडा नाही मिळाला, पण त्यापुढचे अमुक ते अमुक मिळाले. मग पाठवणारा फक्त हरवलेलं पुन्हा पाठवतो.

पाठवणाऱ्याच्या कर्नलमध्ये अजून पोच न आलेला डेटा एका रांगेत थांबलेला असतो. रांगेतला प्रत्येक घटक म्हणजे एक सॉकेट बफर, कर्नलवाल्यांच्या भाषेत 'एसकेबी'. एका एसकेबीत एकच सेगमेंट, म्हणजे एका पॅकेटातून जाणारा डेटाचा भाग, असतो असं नाही. कार्यक्षमतेसाठी कर्नल बराच डेटा एका एसकेबीत ठेवतो आणि त्याचे सेगमेंट अगदी शेवटी, बाहेर पडताना पाडतो. म्हणून 'या एसकेबीचे किती सेगमेंट होतात' ही संख्या सोबत लिहून ठेवावी लागते. या फील्डचं नाव 'टीसीपी_जीएसओ_सेग्ज' आणि रुंदी १६ बिट. म्हणजे त्यात जास्तीत जास्त ६५,५३५ मावतात.

सॅक येऊ लागले की रांगेतले अनेक लहान एसकेबी 'मिळाले' अशा खुणेचे होतात. रांग आखूड राहावी म्हणून कर्नल अशा शेजारच्या एसकेबींना एकात जोडतो. २.६.२९ मध्ये आलेली हीच ती सुधारणा. हेतू चांगला होता आणि फायदाही खरा होता. पण जोडून तयार होणारा एसकेबी किती मोठा होऊ शकतो?

आता आकडे मांडू. एका एसकेबीत मेमरीचे १७ तुकडे बसतात (हे सेगमेंट नव्हेत). एक्स८६ मशीनवर एक तुकडा ३२ किलोबाइटपर्यंत जातो, पॉवरपीसीवर ६४ किलोबाइटपर्यंत. एक्स८६ चाच हिशेब करू. १७ गुणिले ३२,७६८ म्हणजे ५,५७,०५६ बाइट. याचे सेगमेंट किती होणार हे प्रत्येक सेगमेंटमध्ये किती डेटा जातो त्यावर ठरतं, आणि ते ठरवतो एमएसएस, म्हणजे एका सेगमेंटचा कमाल आकार. कनेक्शन उघडताना समोरचा आपला एमएसएस सांगतो, म्हणजे हा आकडा थेट बाहेरून येतो. कर्नल ४८ पेक्षा कमी एमएसएस मानत नव्हता. पण टीसीपी हेडरमधले पर्याय ४० बाइटपर्यंत जागा खाऊ शकतात. उरले फक्त ८ बाइट.

५,५७,०५६ भागिले ८ म्हणजे ६९,६३२.

जागा ६५,५३५ ची आणि आकडा ६९,६३२. १६ बिटांची मोजणी ६५,५३६ ला पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे काउंटरमध्ये उरतात ४,०९६. पुढे एका ठिकाणी कर्नल तपासतो की एसकेबीतल्या सेगमेंटची संख्या हलवायच्या संख्येपेक्षा कमी तर नाही ना, आणि तसं आढळलं तर 'बग_ऑन', म्हणजे अशक्य स्थिती दिसली की काम तिथेच थांबवणारी तपासणी, लागतं. हा कोड पॅकेट हाताळण्याच्या, म्हणजे सॉफ्टआयआरक्यूच्या संदर्भात चालतो. मारून टाकायला तिथे कुठलीही एकटी प्रोसेस नसते, त्यामुळे थेट पॅनिक.

हे इतकं खोलात मांडायचं कारण असं की इथे बफरबाहेर लिहिणं नाही, मोकळी केलेली मेमरी वापरणं नाही. गणितातली एक बेरीज अरुंद जागेत गेली, इतकंच. नेटवर्क कोडमधले अनेक दोष याच घराण्यातले असतात. १९९६ च्या सुमाराचा 'पिंग ऑफ डेथ'ही तसाच होता: आयपी पॅकेटच्या तुकड्यांचं ऑफसेट आणि लांबी मिळून ६५,५३५ च्या पलीकडे जात होती आणि जोडणाऱ्या कोडने ती बेरीज तपासलेलीच नव्हती.

सॅक पॅनिकसोबत आलेली दोन भावंडंही पाहून ठेवा. सीव्हीई-२०१९-११४७८ मध्ये खास रचलेल्या सॅकने पाठवणाऱ्याच्या रांगेचे बारीक बारीक तुकडे पाडून मेमरी आणि सीपीयू खाता येत होता. ४.१५ आधीच्या कर्नलमध्ये ही रांग साधी लिंक्ड लिस्ट होती, त्यामुळे तिथे याचा त्रास जास्त. सीव्हीई-२०१९-११४७९ मध्ये नुसता लहान एमएसएस सांगून सर्व्हरला थोड्या डेटासाठी प्रचंड संख्येने पॅकेट पाठवायला लावता येत होतं. तिन्हींत एक गोष्ट सारखी: समोरून येणाऱ्या आकड्यांमुळे आत किती काम वाढू शकतं यावरची मर्यादा फारच ढिली होती किंवा नव्हतीच. एक दोष सापडला की त्याच आकड्याच्या वाटेवर आणखी कोण कोण उभं आहे ते पाहायलाच हवं.

पॅच येईपर्यंतचा बांध

रीबूटची वेळ लगेच मिळत नाही. तोवर दोन उपाय होते आणि दोन्हींची किंमत वेगळी.

पहिला, सॅक बंद करणे. सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कर्नलच्या बदलता येणाऱ्या सेटिंगमध्ये, 'टीसीपी_सॅक' हे मूल्य ० केलं की झालं. नाव आयपीव्ही४ खाली असलं तरी ते आयपीव्ही६ वरच्या टीसीपीलाही लागू होतं. किंमत अशी की दूरच्या, पॅकेट हरवणाऱ्या मार्गांवर वेग पडतो, कारण मिळालेला डेटाही पुन्हा पाठवला जाऊ शकतो. शिवाय सॅक वापरायचं की नाही हे कनेक्शन उघडतानाच ठरतं. मूल्य बदलण्याआधी उघडलेली कनेक्शनं सॅकसहच चालू राहतात. म्हणून मूल्य बदलल्यावर संबंधित सेवा रीस्टार्ट करून जुनी कनेक्शनं तोडावी लागतात.

दुसरा उपाय, फायरवॉलमध्ये लहान एमएसएस घेऊन येणारी सिन पॅकेट (कनेक्शन उघडणारी पहिली पॅकेट) टाकून देणे. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल साधनात 'टीसीपीएमएसएस' नावाचा मॅच आहे. १ ते ५०० ची मर्यादा देऊन ड्रॉप करायचं. आयपीव्ही६ साठी तोच नियम वेगळा लिहावा लागतो, आणि तो राहून जातो. 'टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग' (मार्गावरून केवढं पॅकेट जातं ते चाचपणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा, कारण त्या यंत्रणेतून एमएसएस नंतर खाली येऊ शकतो आणि सिनवरचा नियम कुचकामी ठरतो. खऱ्याखुऱ्या लहान एमएसएसवर चालणारी जुनी किंवा खास उपकरणं तुमच्याकडे असतील तर त्यांची कनेक्शनं या नियमाने तुटतील. आधी ड्रॉपऐवजी लॉग लावून थोडा वेळ पाहणं शहाणपणाचं.

कंटेनर असलेल्या होस्टवर दोन्ही उपायांत एक फट राहते. ४.१५ पासून 'टीसीपी_सॅक' हे मूल्य प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसचं, म्हणजे कंटेनरला मिळणाऱ्या स्वतंत्र नेटवर्क-कप्प्याचं, वेगळं असतं, आणि नवी नेमस्पेस जन्मते ती सॅक चालू ठेवूनच. होस्टवर ० केलंत म्हणून कंटेनरच्या आत ० होत नाही. फायरवॉलचंही तेच: होस्टच्या इनपुट साखळीतला नियम कंटेनरकडे पुढे धाडल्या जाणाऱ्या पॅकेटना लागत नाही, त्यासाठी फॉरवर्ड साखळीत नियम हवा. एखाद्या कंटेनरमध्ये शिरून 'टीसीपी_सॅक' वाचून पाहिलं की बांध खरंच लागलाय का ते लगेच कळतं.

जे काही बदललंत ते एका ठिकाणी लिहून ठेवा: कुठल्या मशीनवर, कुठल्या फाइलमध्ये, कोणतं मूल्य, आधी काय होतं. शेवटच्या पायरीला याची गरज पडणार आहे.

दुरुस्ती कशी असावी

समजा पॅच तुमच्या हातात नाही आणि तो तुम्हालाच लिहायचाय. समोर तीन-चार वाटा दिसतात आणि सगळ्या सारख्या चांगल्या नसतात.

सगळ्यात पटकन सुचणारी वाट म्हणजे 'बग_ऑन' काढून टाकणे किंवा त्याच्या जागी नुसता इशारा छापणे. मशीन पडायचं थांबेल, पण चुकलेला काउंटर तसाच राहील. त्या संख्येवर पुढे किती पॅकेट वाटेत आहेत, किती पोचली, हा कनेक्शनचा सगळा हिशेब अवलंबून आहे. लक्षण दडपून रोग आत ठेवण्यासारखं हे होईल, आणि तो कुठे बाहेर पडेल याचा नेम नाही.

दुसरी वाट, १६ बिटांचं फील्ड ३२ बिटांचं करणे. दिसायला सरळ आहे. पण हे फील्ड एसकेबीच्या नियंत्रण भागात आहे आणि त्या भागाला एकूण जागाच ४८ बाइट. तिथे प्रत्येक बाइटसाठी चुरस असते. शिवाय ही रचना जुन्या शाखांवर बदलायची तर बाहेरच्या मॉड्यूलशी असलेली सुसंगती मोडण्याचा धोका. सुरक्षेचा पॅच जितका लहान तितका तो मागच्या शाखांवर नेणं सोपं.

तिसरी वाट, जी प्रत्यक्षात निवडली गेली, ती मला फार आवडते. एरिक ड्युमाझे यांच्या पॅचने जोडणीच्या फंक्शनभोवती एक छोटं फंक्शन बांधलं, 'टीसीपी_एसकेबी_शिफ्ट'. त्यात जोडण्याच्या आधी दोन तपासण्या आहेत. एक, जोडून होणारी लांबी ६५,५३५ गुणिले ८, म्हणजे ५,२४,२८० बाइट गाठते का. दुसरी, दोन्ही एसकेबींच्या सेगमेंटची बेरीज ६५,५३५ ओलांडते का. यातलं काहीही खरं असेल तर फंक्शन ० परत करतं, म्हणजे 'जोडू नको'.

ही जागा अचूक का, ते पाहा. जोडणी ही निव्वळ सोय आहे. ती नाकारली तर रांग थोडी लांब राहते, पण डेटा कुठे चुकत नाही. ० परत आलं तर काय करायचं हे बोलावणाऱ्या कोडला आधीपासूनच माहीत होतं, कारण मूळ फंक्शनही कधीकधी जोडणी नाकारत असे. म्हणजे अपयशाची नवी वाट तयार करावी लागली नाही, जुनी आणि चाललेली वाटच वापरली. तपासणीही काहीही बदलण्याच्या आधी होते, अर्धवट जोडलेली अवस्था उरत नाही.

आता ते ५,२४,२८० पाहा. चालू एमएसएस मोठा असला तरी मर्यादा मात्र सगळ्यात लहान, म्हणजे ८ बाइटच्या सेगमेंटवर बेतलेली आहे. कारण एमएसएस नंतर बदलू शकतो. आज १,४०० बाइटच्या हिशेबाने सुरक्षित वाटणारा एसकेबी उद्या एमएसएस घसरला की त्याच डेटाचे कितीतरी जास्त सेगमेंट करून बसेल. तपासणी लिहिताना आत्ताचा आकडा न धरता त्या आकड्याचा सगळ्यात वाईट संभव धरायचा, तो असा. आणि हे ८ जिथून आले ते ४८ उणे ४० हे नातं भविष्यात कुणी मोडू नये म्हणून कंपाइल होतानाच थांबवणारी एक 'बिल्ड_बग_ऑन' ओळही पॅचमध्ये होती. ती ओळ धावत्या मशीनवर काहीच करत नाही, पण पुढच्या माणसाला वाचवते.

पॅच लिहून झाला की त्याच मूळ फंक्शनला आणखी कोण कोण हाक मारतं ते संपूर्ण नेटवर्क कोडमध्ये शोधा. हरवलेला डेटा पुन्हा पाठवताना शेजारचे एसकेबी एकत्र करणारा कोडही आजच्या कर्नलमध्ये याच नव्या फंक्शनमधून जातो.

दोष तुम्हालाच नव्याने सापडला असेल तर पॅच उघड्यावर टाकू नका. कर्नलच्या सुरक्षा गटाला आणि त्या भागाच्या देखभालकर्त्यांना आधी खासगीत कळवा, म्हणजे सगळ्यांच्या हातात दुरुस्ती एकदम पडते.

जुन्या शाखेवर नेताना

गिटमध्ये चेरी-पिक करताना, म्हणजे एका शाखेतला बदल दुसरीवर आणताना, '-एक्स' पर्याय द्या, म्हणजे मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) पत्ता संदेशात राहतो आणि सहा महिन्यांनी कुणाला शोधाशोध करावी लागत नाही. पॅचच्या संदेशातली 'फिक्सेस' ओळ वाचा. दोष कोणत्या कमिटने आणला ते तिथे असतं, आणि ते कमिट तुमच्या शाखेत आहे का हे पाहिलं की पॅच लागतो की नाही हे ठरतं.

पॅच विनातक्रार बसला म्हणजे तो बरोबर बसला असं नाही. ४.१५ मध्ये पुन्हा पाठवायची रांग लिस्टवरून ट्रीवर गेली आणि आजूबाजूच्या फंक्शनची रूपं बदलली. ४.४ किंवा ४.९ वर नेताना प्रत्येक बदललेलं फंक्शन उघडून पूर्ण वाचा. तपासणी बदलाच्या आधीच होते ना, परत आलेला ० बोलावणारा कोड नीट हाताळतो ना, एवढं तरी डोळ्यांनी पाहाच.

बिल्ड

चालू कर्नलची कॉन्फिग फाइल घ्या आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवा. नावाला एक ओळखीची शेपटी जोडा, म्हणजे रीबूटनंतर 'युनेम -आर' मध्ये तीच दिसली की दुसरी शंका उरत नाही. सिक्युअर बूट (सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देणारी सोय) असेल तर कर्नल आणि मॉड्यूलवर सही हवी. जुना कर्नल बूट मेनूतून काढू नका.

चाचणी

चाचणी फक्त बंदिस्त व्हर्च्युअल मशीनमध्ये. खुल्या नेटवर्कवर नाही, दुसऱ्याच्या सर्व्हरवर तर कधीच नाही.

आधी कोसळण्याची नोंद घेणारी केडंप यंत्रणा लावून ठेवा, म्हणजे काही पडलंच तर स्टॅक हाती लागेल. मग पॅकेटड्रिल. टीसीपीची देवाणघेवाण पॅकेटगणिक लिहून कर्नलपुढे ठेवणारं हे साधन गूगलमध्ये तयार झालं. याने मर्यादेच्या अलीकडची, नेमकी मर्यादेवरची आणि पलीकडची अशी तिन्ही परिस्थिती तपासा. दोष कायम मर्यादेच्या काठावर राहतो. जुन्या कर्नलवर चाचणी नापास आणि नव्यावर पास, अशी जोडी मिळाल्याशिवाय ती चाचणी खरंच त्या जागेला स्पर्श करते असं मानू नका.

केसॅन आणि युबीसॅन ही चालताना चुका पकडणारी साधनं चालू करून बिल्ड केलेल्या कर्नलवरही फेरी घ्या, पण त्यांच्या मर्यादा ओळखून. केसॅन मेमरीच्या चुका पकडतो, आणि इथे मूळ चूक मेमरीची नव्हती. युबीसॅन चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा जागेबाहेर जाणं, दाखवू शकतो. पण १६ बिटांच्या फील्डमध्ये भर घालताना सी भाषेत बेरीज आधी पूर्ण रुंदीच्या इंटमध्ये होते, तिथे काहीच ओलांडलं जात नाही, आणि मग निकाल गुपचूप कापून फील्डमध्ये ठेवला जातो. हे कापणं भाषेच्या नियमात बसतं, म्हणून युबीसॅन गप्प राहतो. असे दोष डोळ्यांनी वाचूनच सापडतात: अरुंद फील्ड शोधायचं, त्यात भर घालणारी प्रत्येक ओळ शोधायची, आणि कमाल किती जमू शकतं ते कागदावर मांडायचं.

शेवटी वेगाची चाचणी. नेटेम (खराब नेटवर्कची नक्कल करणारं साधन) वापरून दोन नेमस्पेसमधल्या दुव्यावर विलंब आणि थोडं पॅकेट-नुकसान घाला, मोठी फाइल पाठवा, जुन्या आणि नव्या कर्नलचे आकडे शेजारी ठेवा. इंटरनेटला तोंड असलेल्या सर्व्हरवर पॅकेट हरवणं ही रोजची स्थिती असते, त्यामुळे नुसत्या स्वच्छ दुव्यावर घेतलेल्या मापाला इथे अर्थ नाही.

चालू मशीनवर

बाहेरच्या जगाला तोंड असलेली मशीनं आधी, आतली नंतर. पण त्या पहिल्या गटातलीही सगळी एकदम नको: एक करा, दिवसभराचा खरा भार त्यावर जाऊ द्या, मग पुढची.

लाइव्हपॅच उपलब्ध असेल तर रीबूटशिवाय फंक्शन बदलता येतं. पॅकेज बसलं म्हणजे पॅच लागला असं मात्र धरू नका. '/सिस/कर्नल/लाइव्हपॅच' खाली त्या पॅचच्या फोल्डरमध्ये 'एनेबल्ड' १ आणि 'ट्रान्झिशन' ० असेल तेव्हाच सगळ्या टास्क नव्या फंक्शनवर आल्या असं समजा. तरीही पुढच्या सोयीच्या वेळी रीबूट कराच. लाइव्हपॅच मेमरीत असतो, आणि मशीन अचानक बंद पडून जुन्या कर्नलवर उठलं तर दोषही परत येतो.

नंतर लक्ष ठेवणं

२०१९ च्या या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. ११४७८ च्या दुरुस्तीने रांगेचे तुकडे पाडण्यावर मेमरीची मर्यादा घातली. ही मर्यादा पाठवण्याच्या बफरच्या आकाराशी बांधलेली होती. काही अ‍ॅप्स हा बफर मुद्दाम अगदी लहान ठेवतात. त्यांच्या कनेक्शनवर पॅकेट हरवलं की पुन्हा पाठवायचं कामच नाकारलं जाऊ लागलं आणि कनेक्शनं अडकून पडली. म्हणजे हल्ला थांबला, पण प्रामाणिक वापरकर्ताही सोबत अडला. त्याच जून महिन्यात आणि पुन्हा जुलैमध्ये ही मर्यादा सैल करणारे पुढचे पॅच आले. घाईघाईत पहिलाच पॅच घेऊन तिथेच थांबलेल्यांकडे हा त्रास राहून गेला. म्हणून मूळ पॅच घेताना त्याच्यानंतर त्याच फंक्शनवर आलेली कमिटं, विशेषतः 'फिक्सेस' ओळीत तुमच्या पॅचचा पत्ता देणारी, नक्की शोधा आणि ती सगळी एकत्र घ्या.

मोजायचं काय? याच दुरुस्तीने 'टीसीपीडब्ल्यूक्यूटूबिग' नावाचा काउंटर आणला. 'एनस्टॅट' किंवा 'नेटस्टॅट -एस' मध्ये तो दिसतो. तो सतत वाढत असेल तर दोन शक्यता: कुणी खरंच खोडी काढतंय, किंवा तुमचंच एखादं अ‍ॅप लहान बफरमुळे मर्यादेला धडकतंय. कोणत्या कनेक्शनची रांग साचली आहे ते 'एसएस' आज्ञेच्या सविस्तर रूपात पाहिलं की दोन्हींतला फरक कळतो. पुन्हा पाठवलेल्या सेगमेंटचं प्रमाणही अपडेटच्या आधीचं आणि नंतरचं असं जुळवून बघा.

बांध काढणे आणि एक निर्णय

कर्नल बदलला, काही दिवस शांततेत गेले, की आधी लिहून ठेवलेली यादी काढा. 'टीसीपी_सॅक' पुन्हा १ करा, आणि ते चालू मूल्यातच नाही तर सिसकंट्रोलच्या कॉन्फिग फाइलमध्येही, नाहीतर पुढच्या रीबूटला ० परत येईल. मशीनं तयार करणाऱ्या साच्यांमध्ये आणि कंटेनरच्या सेटिंगमध्येही ते ० शिरलेलं असतं, तिथूनही काढा. वर्षानुवर्षं बंद राहिलेला सॅक म्हणजे दूरच्या वापरकर्त्यांना विनाकारण मिळणारी संथ सेवा, आणि तिचं कारण नंतर कुणालाच आठवत नाही.

एमएसएसचा फायरवॉल नियम काढण्याआधी तिसऱ्या दोषाचा, ११४७९ चा, विचार करा. त्याच्यासाठी कर्नलने 'टीसीपी_मिन_एसएनडी_एमएसएस' हे नवं मूल्य दिलं, पण जुनी उपकरणं तुटू नयेत म्हणून ते मुळात ४८ वरच ठेवलं. म्हणजे नुसत्या अपडेटने हा दोष पूर्ण बंद होत नाही, तुम्हाला ठरवावं लागतं. हे मूल्य वाढवलं की समोरच्याने त्याहून लहान एमएसएस सांगितला तरी कर्नल तो गुपचूप तुमच्या मर्यादेपर्यंत वर उचलतो. समोरचं उपकरण खरंच तेवढं घेऊ शकत नसेल तर त्याच्यापर्यंत डेटा पोचणार नाही. सिन पॅकेटमध्ये येणारे एमएसएस काही दिवस नोंदवा, सर्वांत लहान खरा आकडा पाहा आणि मर्यादा त्याच्या खाली ठेवा. साधा वेब सर्व्हर असेल तर ५३६ च्या खाली सहसा कुणी नसतं, कारण एमएसएस न सांगणाऱ्या आयपीव्ही४ यंत्रासाठी टीसीपी तोच आकडा धरतो. हे मूल्यही प्रत्येक नेमस्पेसचं वेगळं असतं, त्यामुळे कंटेनरमध्ये ते स्वतंत्रपणे लावा आणि आत शिरून वाचून पाहा.